चार आधारस्तंभ पाठ आहेत, तरी प्रोग्राम का लिहिता येत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही बी.कॉम. झालेले, कोपरखैरण्याला राहता, ऐरोलीत बॅक-ऑफिसला नोकरी करता. ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलात. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगचे चार आधारस्तंभ म्हणून शिकवतात त्या एन्कॅप्सुलेशन, ॲबस्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम या चौघांच्या व्याख्या झोपेतून उठवलं तरी सांगता येतात. पण मुलाखतीत समोर कोरी स्क्रीन ठेवून ‘एक छोटा प्रोग्राम लिहा’ म्हटलं की पहिली ओळ सुचत नाही. म्हणून विचारताय की जावा सोडून पायथन धरू का, आणि दुसरा क्लास लावू का.

भाषा बदलून ही अडचण सुटेल असं मला वाटत नाही. मी नवी मुंबईत एका सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडचं, म्हणजे पडद्यामागे माहिती आणि हिशोब सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं, काम करते. नव्याने रुजू झालेल्यांना हाताखाली घेऊन शिकवणं हा त्या कामाचाच भाग आहे, आणि मुलाखती घेणंही. तुमच्यासारखी माणसं मला वरचेवर भेटतात. हुशार असतात, कष्टाळू असतात. त्यांची अडचण एकच असते: ज्या प्रश्नावरचा उपाय म्हणून ऑब्जेक्ट आले, तो प्रश्न त्यांना कधी पडलेलाच नसतो. उपाय तेवढा पाठ असतो. मग तो कुठे लावायचा ते कसं कळणार?

किती दिवसांत जमेल हे मात्र मी सांगू शकत नाही, ते तुमच्या परिस्थितीवर आहे. नोकरी सांभाळून रोज तासभर बसणाऱ्याचा आणि दिवसभर मोकळ्या असणाऱ्याचा हिशोब वेगळा. व्हेरिएबल (माहिती ठेवायची, नाव दिलेली जागा), इफ (अट), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा), मेथड (नाव दिलेलं एक काम), ॲरे (ओळीने लावलेली यादी) यांवर हात बसला आहे का, यावरही बरंच ठरतं. तो बसला नसेल तर जावातले क्लास (ऑब्जेक्ट कसा असेल त्याचा साचा) आणि ऑब्जेक्ट बाजूला ठेवून आधी तिथेच थांबा. दहा आकड्यांतला सर्वांत मोठा शोधणं, त्यांची सरासरी काढणं, एखादा शब्द उलटा लिहिणं, एवढं कुठेही न बघता टाइप करता आलं की पुढे जायचं. हा पाया कच्चा असेल तर पुढचं सगळं मंत्रासारखं वाटत राहतं.

आता मुद्द्यावर येते. क्लासांमध्ये ऑब्जेक्ट समजावताना कुत्रा भुंकतो, मांजर म्याँव करतं, दोघं प्राणी आहेत, अशी उदाहरणं देतात. ती मला निरुपयोगी वाटतात, कारण त्या कुत्र्याला काही लक्षात ठेवायचं नसतं आणि त्याचं काही चुकूही शकत नाही. त्याऐवजी तुम्हाला आतून-बाहेरून माहीत असलेला एखादा व्यवहार घ्या. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला सोसायटीच्या मेंटेनन्सइतका ओळखीचा व्यवहार दुसरा नाही, आणि कॉमर्सच्या माणसाला तर तो अधिकच सोपा. फ्लॅट आहे, मालक आहे, दर महिन्याचं बिल आहे, थकबाकी आहे.

हा हिशोब पहिल्यांदा क्लास न वापरता लिहा. मुद्दाम सांगतेय. तीन ॲरे करा: एकात फ्लॅट क्रमांक, दुसऱ्यात मालकाचं नाव, तिसऱ्यात थकबाकी. पाचव्या जागेवरचा फ्लॅट, पाचव्या जागेवरचं नाव, पाचव्या जागेवरची रक्कम, असं चालवा. बिल लावा, पैसे जमा करा, एकूण येणं काढा. इथवर सगळं सुरळीत चालतं.

मग सेक्रेटरी म्हणतात की नोटीस बोर्डावर लावायला थकबाकीदारांची यादी हवी, सर्वांत जास्त रक्कम वर. तुम्ही थकबाकीचा ॲरे क्रमाने लावता. रकमा नीट लागतात, पण नावं जागच्या जागीच राहतात, आणि वेळेवर पैसे भरणाऱ्या एखाद्या काकांच्या नावासमोर भलतीच रक्कम येते. आता एक रक्कम हलली की बाकी दोन्ही ॲरेंमध्ये तीच हालचाल करायची. उद्या फोन नंबरचा चौथा ॲरे आला की ती हालचाल चार ठिकाणी. हे स्वतःच्या हातांनी करून बघा. त्या त्रासातून ‘एका फ्लॅटची सगळी माहिती एकत्र बांधून ठेवता आली तर बरं’ हा विचार आपोआप येतो. फ्लॅट नावाचा क्लास म्हणजे तेवढंच. प्रत्येक घरासाठी त्याचा एक ऑब्जेक्ट करायचा आणि यादीत ऑब्जेक्ट लावायचे. ते हलले की नाव, क्रमांक, थकबाकी सगळं बरोबर हलतं.

ही कल्पना मुळात आली तीही अशाच गरजेतून. नॉर्वेत ओस्लोला ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड हे दोघं १९६०च्या दशकात खऱ्या जगातल्या व्यवहारांची संगणकावर हुबेहूब नक्कल करण्यासाठी भाषा घडवत होते. प्रत्येक वस्तूची स्वतःची स्थिती असते आणि ती काळाबरोबर बदलते, हे त्यांना मांडायचं होतं. त्यांच्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास, ऑब्जेक्ट, सबक्लास (एका क्लासवरून काढलेला पोटक्लास) हे सगळं आलं. जावा आली १९९५मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग यांच्या हातून. बदलणारी स्थिती सांभाळणं हे ऑब्जेक्टचं मूळ काम, एवढं यातून घ्या. व्याख्येत हरवतं ते नेमकं हेच.

पुढची पायरी रेफरन्सची. माझ्या अनुभवात नवी माणसं सर्वांत जास्त इथेच अडतात आणि शिकवणारे इथूनच सर्वांत भराभर पुढे जातात. म्हणून जरा थांबून सांगते. व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतो, त्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचण्याचा पत्ता असतो. समजा जोशीकाकांचे सोसायटीत दोन फ्लॅट आहेत. मालक नावाचा एकच ऑब्जेक्ट केलात आणि दोन्ही फ्लॅटना तोच दिलात, तर एका फ्लॅटमधून काकांचा फोन नंबर बदलला की दुसरीकडेही नवा नंबर दिसतो. नंबर एकाच जागी लिहिलेला आहे, त्या जागेकडे बोट मात्र दोघांचं आहे. याउलट प्रत्येक फ्लॅटसाठी ‘न्यू’ लिहून वेगळा मालक तयार केलात, तर संगणकाच्या लेखी ते दोन निराळे जोशी, आणि नंबर दोनदा बदलावा लागेल. यातलं कोणतं हवं ते व्यवहार ठरवतो. पण आपण दोहोंतलं काय केलंय हे लिहिणाऱ्याला माहीत हवं.

यासाठी कागद-पेन घ्या. प्रत्येक ऑब्जेक्टसाठी चौकोन काढा, प्रत्येक व्हेरिएबलमधून बाण काढा. ‘न्यू’ दिसलं की नवा चौकोन. नुसतं बरोबरचं चिन्ह दिसलं की चौकोन नवा नाही, फक्त बाण वळवायचा. मेथडला ऑब्जेक्ट दिला की बाणाची प्रत जाते, चौकोनाची नाही. म्हणून मेथडच्या आत थकबाकी बदलली तर बाहेर दिसते, पण आतल्या व्हेरिएबलला दुसराच फ्लॅट जोडला तर बाहेर काहीच बदलत नाही. प्रोग्राम चालवण्याआधी कागदावर उत्तर लिहायचं आणि मग चालवून ताडून पाहायचं. मी शिकवते त्यांना हे पहिले काही आठवडे करायला लावतेच. सुरुवातीला कंटाळतात, पण ज्यांनी हे मनापासून केलं त्यांना पुढे ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ने रडवलेलं मी पाहिलेलं नाही. ते एक्सेप्शन म्हणजे तरी काय? बिल्डरकडे न विकलेला फ्लॅट पडून आहे, त्याला मालकच नाही, आणि तुम्ही त्या मालकाचं नाव विचारताय. बाण कुठेच जात नाही. जावा १५पासून तर नेमकं काय नल होतं तेही त्या संदेशात लिहून येतं. तो वाचा. घाबरून बंद करू नका.

याच्याच पोटात तुलनेचा घोळ आहे. दोन बरोबरच्या चिन्हांनी ऑब्जेक्टची तुलना केली की जावा फक्त बाण एकाच चौकोनाकडे जातात का ते बघतं, आत काय लिहिलंय ते बघत नाही. फ्लॅट क्रमांक ‘ए-१०१’ असा स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून प्रोग्राममध्येच दोनदा लिहिलात तर जावा एकच चौकोन वापरतं, तुलना खरी ठरते आणि तुम्हाला वाटतं की जमलं. तोच क्रमांक कीबोर्डवरून वाचला की तुलना खोटी. आकड्यांत तर आणखी गंमत होते. क्रमांक ‘इंटीजर’ या ऑब्जेक्ट प्रकारात ठेवला तर उणे १२८ ते १२७ या आकड्यांचे ऑब्जेक्ट जावा आधीच करून ठेवतं आणि तेच पुन्हा पुन्हा देतं. त्यामुळे फ्लॅट १०१ सापडतो आणि एरवी तसाच असलेला २०१ सापडत नाही! पहिल्या मजल्यावर चाललेला प्रोग्राम दुसऱ्या मजल्यावर का बिघडला, यावर माणसं अख्खी संध्याकाळ घालवतात. आतला मजकूर ताडायचा असेल तर ‘इक्वल्स’ वापरायचं, एवढी सवय लावून घ्या.

आता तुमचे ते चार आधारस्तंभ. पहिला एन्कॅप्सुलेशन. व्याख्येत ‘डेटा लपवणे’ असं सांगतात, त्यामुळे तो गुप्ततेचा विषय वाटतो. खरं तर तो जबाबदारीचा विषय आहे. थकबाकी हे फील्ड (ऑब्जेक्टमधला माहितीचा रकाना) ‘प्रायव्हेट’ केलं की बाहेरून कुणी तिथे मनाला येईल तो आकडा लिहू शकत नाही. मग ती बदलायची कशी? व्यवहारात जशी बदलते तशीच: बिल लागलं की वाढते, भरणा झाला की कमी होते. म्हणून क्लासला दोनच मेथड द्या, ‘बिल लाव’ आणि ‘भरणा नोंदव’. कुणी उणे पाचशे रुपये भरणा म्हणून टाकले तर ‘भरणा नोंदव’ने नकार द्यायचा. ही तपासणी एकाच ठिकाणी राहते आणि कुणी ती चुकवू शकत नाही. शिकवणीच्या बहुतेक क्लासांत मात्र फील्ड प्रायव्हेट करायला लावतात आणि लगेच प्रत्येक फील्डला गेटर-सेटर (ते बाहेरून वाचायची आणि बदलायची मेथड) लिहायला लावतात. थकबाकीला सेटर दिलात तर दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवल्यासारखं झालं. मुलाखतीत कुणी सगळ्या फील्डना सेटर लिहिले की मी हमखास विचारते, हा सेटर कुणाला हवाय? उत्तर फार थोड्यांकडे असतं.

कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा भाग, तोही याच नजरेने पाहा. क्रमांक नसलेला फ्लॅट असू शकतो का? नाही. मग क्रमांक दिल्याशिवाय फ्लॅटचा ऑब्जेक्ट तयारच होऊ द्यायचा नाही. मालक नसलेला फ्लॅट असू शकतो का? हो, वर पाहिलंच. म्हणजे मालक नंतर जोडता यायला हवा. सोसायटीचे नियम असे एकेक करून क्लासमध्ये उतरतात.

इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासचं सगळं सबक्लासने वारशाने घेणं, मी सर्वांत शेवटी शिकवते. त्याचं कारण एका उदाहरणात सांगता येईल. महाराष्ट्रात फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावू शकते. नुकतंच इनहेरिटन्स शिकलेला माणूस लगेच ‘भाड्याचा फ्लॅट’ नावाचा सबक्लास काढतो. दिसायला छान दिसतं. पण मार्चमध्ये भाडेकरू गेला आणि मालक स्वतः राहायला आले, तर? जावात एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही. नवा ऑब्जेक्ट करून जुन्यातली सगळी थकबाकी, सगळे भरणे त्यात ओतावे लागतील, आणि जुन्याकडे बोट असलेले सगळे बाण शोधून वळवावे लागतील. भाड्याने असणं ही फ्लॅटची जात नव्हे, ती त्याची सध्याची स्थिती. ती फील्डमध्येच राहायला हवी. जे आयुष्यभर बदलत नाही त्याच्यासाठीच सबक्लासचा विचार करायचा, तोही जपून.

तळमजल्यावरच्या गाळ्यांचं वेगळं आहे. दुकानाचा गाळा उद्या फ्लॅट होत नाही, आणि समजा, तुमच्या सोसायटीत त्याचं बिल काढायची रीतही निराळी आहे. इथे इंटरफेस वापरा. ‘बिल काढता येतं’ असा एक करार लिहा, तो फ्लॅटनेही पाळायचा आणि गाळ्यानेही. मग सगळ्यांची एक यादी करून लूपमध्ये प्रत्येकाला एवढंच विचारायचं, ‘तुझं बिल किती?’ जो तो आपल्या रीतीने उत्तर देतो. विचारणाऱ्याला समोर फ्लॅट आहे की गाळा हे माहीत असायची गरज नाही. उद्या छतावर मोबाइल टॉवर आला आणि त्याचंही बिल काढायचं ठरलं, तर नवा क्लास लिहाल, पण लूपला हात लावावा लागणार नाही. पॉलिमॉर्फिझम ते हेच. आणि विचारणाऱ्याला फक्त करार दिसतो, आतलं गणित दिसत नाही, हे ॲबस्ट्रॅक्शन. शेवटचे दोन स्तंभ एका लूपमध्ये भेटले. आता त्यांच्या व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहून काढा, पाठ करायची गरज उरणार नाही.

कॉमर्सचे आहात म्हणून पैशांबद्दल एक सांगते. रक्कम ‘डबल’ या दशांशांच्या प्रकारात ठेवू नका. त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येते, आणि ताळेबंद जुळत नाही. रक्कम पूर्णांकात, रुपयांऐवजी पैशांत मोजून ठेवा, पण ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकारात नको. इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे पैशांत मोजलं तर सव्वादोन कोटी रुपयेही मावत नाहीत. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या संकुलाचा निधी त्याच्या वर सहज जातो, आणि मर्यादा ओलांडली की जावा काही न बोलता उणे आकडा दाखवतं. ‘लाँग’ हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरा. पुढे अचूक दशांशांसाठीचं ‘बिगडेसिमल’ शिकालच.

आता जावा की पायथन. डेटाची कामं किंवा ऑफिसातल्या एक्सेलच्या फायली आपोआप हलवणं एवढाच हेतू असेल तर पायथन घ्या, बेधडक. पण ऑब्जेक्ट समजून घ्यायचे असतील आणि बँका, विमा अशा क्षेत्रातलं बॅकएंडचं काम हवं असेल, तर जावा सोडू नका. कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय मावतं हे जावात आधी लिहावं लागतं, आणि प्रायव्हेट म्हटलं की कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी तो तपासणारा, खरोखर अडवतो. शिकणाऱ्याला तो धाक उपयोगी पडतो. ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ या ओळीने पहिल्याच दिवशी धडकी भरते हे खरं. २०२५च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या जावा २५मध्ये छोट्या प्रोग्रामसाठी ती लांबलचक ओळ आणि भोवतीचा क्लास लिहायची गरज राहिलेली नाही. क्लासात अजून २०१४ची जावा ८ शिकवली असेल तर घरी नवी उतरवून घ्या. जुनं शिकलेलं वाया जात नाही. एखादी ओळ पटकन चालवून पाहायला ‘जेशेल’ही आहेच.

आणि हो, व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवा. जावाला देवनागरी नावं चालतात, पण कीबोर्ड सारखा बदलावा लागतो म्हणून इंग्रजी अक्षरांत थकबाकी, भरणा, गाळा लिहिलंत तरी उत्तम. कंपनीत इंग्रजी नावं लागतात, ती तेव्हा. शिकताना मात्र भाषेचे राखीव शब्द कोणते आणि आपण दिलेली नावं कोणती हा फरक डोळ्यांना लगेच दिसतो. पहिल्या महिन्यात याने खूप फरक पडतो.

कंपायलरने एकदम वीस चुका दाखवल्या तर फक्त पहिली वाचा, ती सुधारा आणि पुन्हा चालवा. एक कंस राहिला की पुढच्या साऱ्या ओळी चुकीच्या दिसू लागतात. चॅटबॉटकडून प्रोग्राम लिहून घेऊ नका. चुकीचा अर्थ विचारा, आपल्या आकृतीतला बाण बरोबर आहे का ते विचारा. टाइप मात्र स्वतः करा. ऐरोली ते कोपरखैरणे गाडीत व्हिडिओ बघून होतील, पण त्याने हात बसत नाही.

दुसऱ्या क्लासबद्दल: फी भरण्याआधी एक तास नुसतं मागे बसायची परवानगी मागा. त्या तासात विद्यार्थी स्वतः टाइप करत असतील, चुका करत असतील आणि सर किंवा मॅडम फिरून त्या बघत असतील, तर विचार करा. सगळे फळ्यावरचं वहीत उतरवून घेत असतील तर पैसे वाचवा. पैसे न घालता जमणारं काम आधी करून बघा: तीन ॲरेंचा प्रोग्राम, मग त्याचाच फ्लॅट क्लास, मग गाळा. हे तिन्ही झाले की बाणांची आकृती काढून तिचा फोटो आणि कोड इथेच टाका. बाण कुठे चुकलाय ते मी बघून सांगेन.